केळीच्या चेंबरचा संगणक कोणी बंद पाडला

पुरवणी जबाब
दिनांक २८ मे २०२६

नाव: सौ. मंगलाबाई रतिलाल पाटील, वय ५२ वर्षे, धंदा: शेती व केळी पिकवणी केंद्र, राहणार कळसाडी, ता. शहादा, जि. नंदुरबार.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून महिला हवालदार बाईंसमोर सांगते ते असे की, वरील पत्त्यावर मी माझे पती रतिलाल यांच्यासह राहते. आम्हाला दामिनी ही एकच मुलगी. तिचे लग्न दोन वर्षांपूर्वी सुरतेचे भूपेश यांच्याशी झाले. ते तिकडे एका कंपनीत ऑफिसांच्या संगणकांची सुरक्षा बघतात. केळी पिकवणी केंद्राची फर्म माझ्या नावावर आहे. तरी आमचा ऑपरेटर हेमकांत याच्याविरुद्ध माझ्या पतींनी काल जी तक्रार दिली, ती मला विचारून दिलेली नाही. आज मला बोलावले ते "तक्रार बरोबर आहे" एवढे म्हणून सही करायला. तक्रार बरोबर नाही. जबाब लांबेल, हवालदार बाईंनी आणखी कागद घ्यावेत.

हेमकांत, वय २९, मूळ राहणार धानोरा, ता. नंदुरबार, हा सहा वर्षांपासून आमच्याकडे आहे. त्याने आमच्या संगणकात मुद्दाम खोटा प्रोग्रॅम घालून दोन चेंबरमधली केळी नासवली, असे तक्रारीत आहे. काल दुपारपासून तो इथे बसून आहे. आत येताना मी त्याला बघितले. त्याने मान वर केली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि ते माझ्या फर्मच्या नावाने चालले आहे म्हणून मी बोलते आहे.

आमच्याकडे चार मोठ्या बंद खोल्या आहेत, त्यांना चेंबर म्हणतात. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत लावायची, पिकवायचा गॅस सोडायचा आणि आतले तापमान सतरा-अठराच्या आसपास धरून ठेवायचे, की केळी सगळी एकसारखी पिवळी होतात. बाहेर आमच्याकडे या दिवसांत पंचेचाळीस असते, ते इथे बसलेल्या ठाण्याच्या साहेबांना सांगायला नको, त्यांचाही शर्ट भिजलेला आहे. थंडीची मशिने चालू-बंद करायला भिंतीवर एक पेटी आहे. त्या पेटीला हुकूम संगणक देतो. संगणक बोलला नाही तर पेटी गप्प, पेटी गप्प तर मशिने बंद, आणि मशिने बंद पडली तर माल आतल्या आत शिजतो. एवढे कळायला इंजिनियर व्हावे लागत नाही.

संगणकाला त्या पेटीशी बोलता यावे म्हणून आत एक लहान प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या विंडोजला असा ड्रायव्हर सही असलेलाच लागतो. सही म्हणजे तो कोणी बनवला आणि मध्ये कोणी त्यात हात घातला नाही याची खूण, ती संगणक स्वतः तपासतो. आमची पेटी ज्या लहान कारखान्याने बनवली तो केव्हाच बंद पडला. आता सही कोण करणार? म्हणून हेमकांत संगणक चालू करताना दरवेळी एका निळ्या पडद्यावर जाऊन सात नंबरचे बटण दाबायचा. ते दाबले की तेवढ्यापुरती सहीची तपासणी होत नाही आणि पेटी चालते. संगणक एकदा बंद करून चालू केला की पुन्हा सात. म्हणून आमच्याकडे तो संगणक कोणी बंद करत नाही. क्रेट उचलणाऱ्या बायांनासुद्धा हे माहीत आहे. संगणकावरचे व्हायरसवाले सॉफ्टवेअर त्या ड्रायव्हरला चोर समजून उचलून बाजूला टाकायचे, म्हणून तेही हेमकांतने माझ्या पतींना विचारून काढून टाकले होते.

मला विचारण्यात आले की, हे नियमाला धरून होते काय. मी सांगते की, नव्हते. जुगाड होता. नवी पेटी घ्या, हे धोक्याचे आहे, असे हेमकांत दोन वर्षांपासून सांगत होता. माझे पती म्हणायचे, चाले तवर चालू दे. हे त्यांनी तक्रारीत लिहून दिले नसेल. ते लिहून घ्या.

परवा दिनांक २६ रोजी आमचे जावई व मुलगी धोंड्यासाठी आले. सध्या अधिक महिना चालू आहे आणि त्यांच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. आमच्यात या महिन्यात जावयाला बोलावून पाय धुतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे करतात, तेहतीस अनारसे देतात. जावई त्या दिवशी देव. त्याने मागितले ते द्यायचे आणि त्याने केले त्याला नाही म्हणायचे नाही. अनारसे मी स्वतः तळले. सगळे रीतीने झाले, कुठे कमी ठेवली नाही. दुपारी पाने वाढायला वेळ होता म्हणून जावई माझ्या पतींबरोबर चेंबर बघायला गेले. जेवायला बोलवायला मी मागून गेले तर ते संगणकाच्या खुर्चीवर बसलेले होते. हेमकांत बाजूला उभा होता.

जावई माझ्या पतींना म्हणाले, "पप्पा, हा ड्रायव्हर बिनसहीचा आहे. आत काय आहे कोणाला माहीत? वर अँटीव्हायरसही नाही. असं चालवायचं म्हणजे घर उघडं टाकून लग्नाला जायचं."

हे बोलणे खोटे नव्हते. मला राग त्या बोलण्याचा नाही. शिकलेला माणूस आहे, खरे तेच सांगत होता. पण सांगून उठला नाही. त्यांनी मोबाईलवरून इंटरनेट जोडले, त्यांच्या कंपनीत वापरतात ते सुरक्षेचे सॉफ्टवेअर त्यात घातले आणि विंडोजमधले एक बटणही चालू केले. ते बटण निळे झालेले मी बघितले. हेमकांत एकदाच बोलला. तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "पाव्हणा, त्याले बंद करू नका. परत चालू करताना सात नंबर दाबनं पडस, नही ते पेटी बोलत नही. आत माल शे."

माझे पती म्हणाले, "हेमकांत, गप ऱ्हाय. जावई शेत त्या. तू त्यासले शिकाडू नको."

दुसऱ्या कोणत्याही महिन्यात दुसरा कोणी खुर्चीवर असता, तर याच माणसाने त्याला बखोटीला धरून उठवले असते. मीसुद्धा अडवले नाही. पाने वाढली आहेत एवढेच बोलले. जावयांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. सात दाबले नाही. आणि हेमकांतला तिथे थांबू न देता माझ्या पतींनी गाडी देऊन तळोद्याला पाठवले, माझ्या नणंदेला रात्रीच्या जेवणाला आणायला. चेंबरमध्ये माल भरलेला असताना ऑपरेटरला पंगतीच्या पाहुण्या आणायला पाठवणारा मालक मी तरी दुसरा बघितलेला नाही.

मला विचारण्यात आले की, मशिने बंद पडल्याचे दुपारीच कसे कळले नाही. मी सांगते की, संगणकाच्या पडद्यावर सतरा हाच आकडा दिसत होता. पेटी बोलायची बंद झाली, तेव्हाचा तो शेवटचा आकडा होता आणि संगणक पुन्हा चालू केल्यावरही प्रोग्रॅम तोच दाखवत राहिला होता. मशिनांचा आवाज गेला, पण मशिने अधूनमधून आपोआप थांबतातच. शिवाय घरात बारा माणसे जेवत होती. हेमकांत संध्याकाळी परत आला, तेव्हा माझ्या पतींनी त्याला सांगितले, संगणकाले हात लावू नको, जावईसनी सगळं नीट करी दिन्हं शे, घर जाय. त्याने दारातून पडद्याकडे बघितले, सतरा दिसला, आणि गेला. त्याची चूक धरायची तर एवढी धरा.

दिनांक २७ रोजी सकाळी क्रेट काढणाऱ्या रमिलाबाईने दोन नंबरचे चेंबर उघडले आणि ती मागे सरकली. आतून दारूसारखा वास आणि वाफ आली. तीन नंबरही तसेच. एक आणि चार नंबर त्या दिवशी रिकामे होते. केळीला बोट लावले की गर बाहेर येत होता. साहेबांनी पंचनाम्यात "माल खराब" असे दोन शब्द लिहिले आहेत. गडी फावड्याने ओढत होते ते मी बघितले आहे.

हेमकांत धावत आला. त्याने सगळ्यांसमोर संगणक बंद करून चालू केला, निळ्या पडद्यावर गेला आणि सात दाबले. पेटी चालली नाही. त्याने पुन्हा केले. पुन्हा नाही. तेव्हा जावई मागे उभे होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बघा पप्पा, सात नंबर वगैरे काही नव्हतंच. यानं आत काहीतरी घालून ठेवलंय. म्हणूनच अँटीव्हायरस काढला होता. हा सायबर गुन्हा आहे."

माझ्या पतींनी हेमकांतच्या कानाखाली मारली. हे तक्रारीत नाही. ते लिहा. त्याने मार खाल्ला आणि जावयांकडे बघून म्हणाला, "तुमी काय चालू करं ते सांगा, मी नीट करस." जावई मोबाईल बघू लागले. नंतर माझ्या पतींनी त्याला गाडीत घालून ठाण्यात आणले.

पुढचे मी डोळ्यांनी बघितलेले सांगते. गाडी गेल्यावर मी जावयांसाठी चहा घेऊन संगणकाच्या खोलीत गेले. रागावले असले तरी पाहुण्याचा चहा चुकवायचा नाही, ही माझी खोड. ते एकटेच होते. "मम्मी, ठेवा तिकडे," म्हणाले आणि काम करत राहिले. सासू म्हणजे भिंत, तिच्यासमोर काहीही करावे, असे त्यांना वाटले असावे. मी कप ठेवला आणि मागे उभी राहिले. त्यांनी आदल्या दिवशी घातलेले स्वतःचे सॉफ्टवेअर काढून टाकले. त्याने अडकवून ठेवलेला ड्रायव्हर पुन्हा जागेवर आणला. निळे झालेले बटण बंद केले. मग संगणक बंद करून चालू केला, निळा पडदा आला आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने सात दाबले. चारही चेंबरची मशिने चालू झाली. आवाज अंगणात ऐकू गेला असेल.

मी विचारले, "सात कशाला दाबलं?"

ते म्हणाले, "तुम्हाला त्यातलं नाही कळणार."

मी म्हणाले, कळले मला. ते बटण चालू असले की बिनसहीचा ड्रायव्हर चालतच नाही, सात दाबा की सत्तर दाबा. म्हणून सकाळी हेमकांतचे सात चालले नाही. बटण तुम्ही लावले, सॉफ्टवेअर तुम्ही घातले आणि दोन्ही तुम्हाला माहीत असताना तुम्ही मागे उभे राहून त्याला मार खाऊ दिला. माझे दहावीपर्यंतच शिक्षण आहे, पण दोन आणि दोन किती हे दहावीच्या आधी शिकवतात.

तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मम्मी, माझी नोकरी याच कामाची आहे. कंपनीला कळलं की सासऱ्याच्या घरी मी न तपासता सॉफ्टवेअर घातलं, तर माझं काय राहील? हेमकांत दोन दिवसांत सुटेल. घरातली गोष्ट घरात राहू द्या." मी म्हणाले, हेमकांतलाही घर आहे. मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, ठाण्यात माझं नाव गेलं तर दामिनीला तुमचं दार बंद. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले. मग चहा घेतला.

संध्याकाळी जावयांनी माझ्या पतींना सांगितले की मी व्हायरस काढला, आणि माझ्या पतींनी चार लोकांत त्यांची पाठ थोपटली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराचा सत्कार पहिल्यांदा बघितला. मी पतींना आत बोलावून सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. ते खोटे आहे असे ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "जावईनं नाव ठाणामा कसं द्यानं? चार लोकेसमा तोंड कसं दखाडसूत? हेमकांत परका शे, त्याले दुसरं काम मिळी जाई." ज्याने सहा वर्षे ऐन लगीनसराईतही आमचा माल सांभाळला तो परका आणि परवा ओवाळलेला तो आपला. माझ्या पतींचा हिशेब हा असा आहे. तीस वर्षे मी त्यात स्वतःला बसवून घेतले, आता बसत नाही.

साहेबांनी विचारले की, मुलगी काय म्हणते. मी सांगते की, दामिनीला सगळे माहीत आहे. जावयांनीच तिला सांगितले. ती स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू गप बस ना. मन्हा संसार शे." मी तिला जवळ घेतले नाही. भाकरी टाकत होते. दामिनी माझी एकच मुलगी आहे. तिच्यावर माझा राग नाही.

आज माझे पती बाहेर बाकावर बसलेले आहेत. जावई व मुलगी समोर रस्त्यावर गाडीत आहेत, एसी लावून. मला इथवर त्यांनीच आणले. काय सांगायचे ते मला रस्त्याने पाठ करून घेतले. भोवळ आली म्हणून सांगा आणि फक्त सही करा, असेही जावई म्हणाले. मला भोवळ आलेली नाही.

साहेबांनी मला सुचवले की, प्रकरण घरगुती आहे, "गैरसमजातून तक्रार झाली" असे लिहिले तर हेमकांतही सुटेल आणि जावयांचेही नाव येणार नाही. साहेबांचा हेतू वाईट नसेल. पण मग धानोऱ्यापासून तळोद्यापर्यंत लोक काय म्हणतील, ते मी सांगते. म्हणतील, हेमकांतने केले होते, मालकिणीने दया केली. कोण त्याला पुन्हा संगणकाजवळ उभे करेल? त्याचे पोट त्यावर आहे. दया मी केलेली नाही. त्याने गुन्हा केलेला नाही, असे लिहा.

संगणकाच्या खोलीला काल दुपारीच मी कुलूप लावले आहे. किल्ली ठाण्यात हजर करते. कोणते सॉफ्टवेअर केव्हा घातले, केव्हा काढले, ते बटण केव्हा लावले, याची नोंद संगणक स्वतःच ठेवतो असे हेमकांत एकदा म्हणाला होता. नंदुरबारहून जाणकार बोलवा आणि तपासा. जावयांना आत बोलवा, ते जवळच आहेत. त्यांनी संगणकात केले ती चूक होती. चुकीबद्दल माझी तक्रार नाही, तीत माझ्या घरच्यांचाही हात आहे. त्यांनी माहीत असून दुसऱ्याचे नाव पुढे केले, त्याबद्दल माझी भूपेश यांच्याविरुद्ध तक्रार आहे. माझ्या पतींनी हेमकांतला मारले, त्याबद्दल हेमकांतला काय करायचे ते तो ठरवेल, मी मध्ये पडणार नाही. फर्मची मालक म्हणून हेमकांतविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. तो सुटेपर्यंत मी बाकावर बसणार आहे.

वरील जबाब हवालदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सुरुवातीला "गैरसमज" हा शब्द घातला गेला होता, तो मी खोडायला लावला. खोडलेल्या जागी माझी सही आहे. वाचन चालू असताना रस्त्यावरची जावयांची गाडी सुरू होऊन निघून गेली. माझे पती एकटेच आत आले आणि दारात उभे राहिले. हवालदार बाई वाचायच्या थांबल्या होत्या, त्यांना मी पुढे वाचायला सांगितले. त्या वेळी दामिनीबद्दलची दोन वाक्ये मला नीट ऐकू आली नाहीत, म्हणून ती पुन्हा वाचून घेतली. ती बरोबर आहेत. बाकीचेही मी सांगितल्याप्रमाणेच आहे.

सही/-
मंगलाबाई रतिलाल पाटील